बदाम-अक्रोडाने स्मरणशक्ती वाढते का? ज्येष्ठांनी काय खावे, किती खावे आणि डॉक्टरांकडे कधी जावे

घरात कुणी साठी ओलांडली आणि चष्मा कुठे ठेवला, गोळी घेतली की नाही हे विसरू लागलं, की पहिला सल्ला ठरलेला असतो : ‘रोज बदाम भिजवून खा.’ कुणी अक्रोड सांगतं. पुण्या-मुंबईला किंवा आखातात नोकरीला असलेली मुलं सुट्टीला येताना आई-वडिलांसाठी आठवणीने सुकामेवा आणतात. सल्ला वाईट नाही. पण तो कितपत खरा आहे, बदाम परवडत नसतील तर काय खावं आणि हा सल्ला कुठे अपुरा पडतो, हे समजून घेणं गरजेचं आहे. विसराळूपणामागे काही वेळा असे आजार असतात, जे वेळेत कळले तर औषधाने सुधारतात. बदामाच्या भरवशावर राहिलं तर ती वेळ निघून जाते.

प्रश्न किरकोळ नाही. देशभरातल्या ज्येष्ठांच्या पाहणीवरून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतात साठीच्या पुढच्या लोकांपैकी सुमारे ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश आहे. ही संख्या जवळपास ८८ लाख होते. पुरुषांपेक्षा महिलांमध्ये आणि शहरांपेक्षा खेड्यांत हे प्रमाण जास्त आढळले.

सुकामेवा म्हणजे नेमके काय?

आपण सुकामेवा म्हटलं की बदाम, काजू, अक्रोड, पिस्ते यांच्याबरोबर मनुका, खारीक, अंजीर, बेदाणे हेही धरतो. मेंदूविषयीचे जे अभ्यास गाजले, ते पहिल्या गटावर म्हणजे टणक कवचातून निघणाऱ्या तेलकट बियांवर झाले आहेत. मनुका-खारकेत साखर जास्त आणि तेल नगण्य असते. त्यामुळे ‘सुकामेवा मेंदूला चांगला’ असं वाचून मधुमेही माणसाने मूठभर खारीक खाणं योग्य नाही.

शेंगदाणा हा वनस्पतिशास्त्रानुसार तूर-हरभऱ्याच्या कुळातला, जमिनीत वाढणारा दाणा. पण त्यातील तेल, प्रथिने आणि इतर घटक बदाम-काजूशी मिळतेजुळते असल्याने आहारशास्त्रात तो त्यांच्याच पंक्तीला बसवला जातो. सुके खोबरे मात्र या गटात येत नाही. त्यातील बहुतेक चरबी संपृक्त प्रकारची असते.

सीमाभागात एक नावाचा घोळही लक्षात ठेवायला हवा. कन्नडमध्ये ‘गोडंबी’ म्हणजे काजू. मराठीत ‘गोडंबी’ म्हणजे बिब्ब्याच्या आतला गर. बेळगावच्या बाजारात दोन्ही भाषा चालतात, तेव्हा यादी देताना काजू हवा की बिब्ब्याची गोडंबी, हे स्पष्ट सांगितलेले बरे.

मेंदूशी याचा संबंध काय?

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी जवळपास २० टक्के ऊर्जा तो एकटा वापरतो. ही ऊर्जा रक्तातून येते. म्हणून मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या जितक्या चांगल्या, तितकी स्मरणशक्ती टिकायला मदत होते. रक्तदाब, साखर आणि वाईट कोलेस्टेरॉल वाढलेलं राहिलं, की याच वाहिन्या खराब होतात. हृदयाला जे घातक, ते मेंदूलाही घातक, असं डॉक्टर सांगतात ते यामुळेच.

बदाम, अक्रोड, शेंगदाणे यांतली बहुतांश चरबी असंपृक्त असते. तूप, डालडा, तळकट फरसाण यांच्या जागी हे पदार्थ आले तर एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल काही प्रमाणात कमी होते. बदामात ‘ई’ जीवनसत्त्व भरपूर असते : १०० ग्रॅममध्ये सुमारे २५ मिलिग्रॅम. अक्रोडात वनस्पतिजन्य ओमेगा-३ मिळते, १०० ग्रॅममध्ये सुमारे ९ ग्रॅम. मात्र मेंदूला जे ओमेगा-३ थेट लागते ते माशांत असते. अक्रोडातल्या ओमेगा-३ चे त्यात रूपांतर फार थोडे होते.

अक्रोडाचा आकार मेंदूसारखा दिसतो म्हणून तो मेंदूला चांगला, या समजुतीला आधार नाही. आकारावरून गुण ठरत नाहीत.

अभ्यास काय सांगतात?

या विषयावरचे अभ्यास दोन प्रकारचे आहेत. पहिल्या प्रकारात लोक काय खातात याची नोंद ठेवून पुढे काय होते ते पाहतात.

अमेरिकेतील परिचारिकांच्या दीर्घकालीन पाहणीत सत्तरी पार केलेल्या १५,४६७ महिलांचा अभ्यास झाला आणि तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातून पाच किंवा अधिक वेळा असे दाणे खाणाऱ्या महिलांची स्मरण व विचारशक्ती, न खाणाऱ्यांच्या तुलनेत सरासरी दोन वर्षांनी तरुण असल्यासारखी दिसली. चीनमधील ५५ वर्षांपुढच्या ४,८२२ लोकांच्या अभ्यासात (२०१९) रोज १० ग्रॅमपेक्षा जास्त दाणे खाणाऱ्यांमध्ये विचारशक्ती खालावण्याचे प्रमाण कमी आढळले. ब्रिटनमधील ५०,३८६ लोकांवर सरासरी सात वर्षे लक्ष ठेवले गेले. त्यात रोज दाणे खाणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका १२ टक्के कमी दिसला.

आकडे उत्साह वाढवणारे आहेत, पण इथे एक मेख आहे. जे लोक नियमित बदाम-अक्रोड खातात ते बहुधा जास्त शिकलेले, बऱ्या परिस्थितीतले, व्यायाम करणारे आणि कमी धूम्रपान करणारे असतात. संशोधक याचा हिशेब मांडतात, तरीही फायदा नेमका बदामाचा की चांगल्या परिस्थितीचा, हे पूर्ण वेगळं काढता येत नाही.

म्हणून दुसऱ्या प्रकारचे अभ्यास महत्त्वाचे. त्यात चिठ्ठ्या टाकून लोकांचे गट करतात, एका गटाला दाणे देतात, दुसऱ्याला देत नाहीत.

स्पेनमधील बार्सिलोना आणि अमेरिकेतील लोमा लिंडा इथे ६३ ते ७९ वयाच्या ७०८ निरोगी ज्येष्ठांवर असा प्रयोग झाला. एका गटाने दोन वर्षे रोज ३० ते ६० ग्रॅम अक्रोड खाल्ले. २०२० मध्ये निकाल आला : एकूण पाहता दोन्ही गटांत फरक नाही. फक्त बार्सिलोनाच्या लोकांत थोडा फायदा झाल्याचे संकेत दिसले. तिथले सहभागी कमी शिकलेले होते आणि त्यांच्यात धूम्रपान करणारे जास्त होते. म्हणजे ज्यांची जीवनशैली आधीच चांगली, त्यांना वरून अक्रोड देऊन फरक पडला नाही. ज्यांच्यात सुधारणेला वाव होता, त्यांना कदाचित पडला. या प्रयोगाला पैसा कॅलिफोर्नियातील अक्रोड उत्पादकांच्या मंडळाचा होता, तरीही निकाल ‘फरक नाही’ असाच छापला गेला, हे नोंदवण्यासारखे आहे.

स्पेनमधल्याच दुसऱ्या प्रयोगाचा निकाल २०१५ मध्ये आला. सरासरी ६७ वयाच्या ४४७ जणांपैकी एका गटाला भाज्या, फळे, कडधान्ये, मासे अशा भूमध्यसागरी आहारासोबत रोज ३० ग्रॅम दाणे दिले : १५ ग्रॅम अक्रोड आणि बाकी बदाम व हेझलनट. सुमारे चार वर्षांनी या गटाची स्मरणशक्ती तुलनेच्या गटापेक्षा चांगली राहिली होती. तुलनेच्या गटाची मात्र खालावली होती. इथे दाणे एकटे नव्हते, सोबत सगळं ताट बदललेलं होतं.

अमेरिकेत ६०४ ज्येष्ठांवर तीन वर्षे चाललेल्या प्रयोगात मात्र, ज्यात दाणे, पालेभाज्या आणि बेरी यांवर भर होता, त्या ‘माइंड’ आहाराचा तुलनेच्या गटापेक्षा ठळक फायदा दिसला नाही (२०२३). तुलनेच्या गटालाही मोजून-मापून खायला सांगितलेलं होतं आणि दोन्ही गट थोडे सुधारले.

या सगळ्याचा मेळ घातला तर एवढंच म्हणता येतं : मूठभर दाणे ही चांगली सवय आहे, विशेषतः ती फरसाण-बिस्किटांची जागा घेत असेल तर. पण त्यांनी गेलेली स्मृती परत येते किंवा स्मृतिभ्रंश टळतो, असं सिद्ध झालेलं नाही.

शेंगदाणा कमी समजू नका

कॅलिफोर्नियाचे बदाम आणि काश्मीरचे किंवा परदेशी अक्रोड महाग. एक किलो अक्रोड मगजाच्या पैशात कित्येक किलो शेंगदाणे येतात. म्हणून अनेक घरांत ‘आपल्याला कुठलं परवडतंय’ म्हणून विषयच संपतो. तो संपवायचं कारण नाही.

१०० ग्रॅममध्ये शेंगदाण्यात सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात. बदामात २१, काजूत १८ आणि अक्रोडात १५. ‘ई’ जीवनसत्त्व बदामापेक्षा कमी, पण शेंगदाण्यातही ते आहे. नेदरलँड्समध्ये निरोगी ज्येष्ठांच्या छोट्या गटाला १६ आठवडे रोज ६० ग्रॅम सालासकट भाजलेले, बिनमिठाचे शेंगदाणे दिले, तेव्हा त्यांच्या मेंदूचा रक्तप्रवाह थोडा वाढल्याचे २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. यात माणसे ३१ च होती आणि पैसा शेंगदाणा उद्योगाशी जोडलेल्या संस्थेचा होता, त्यामुळे निष्कर्ष बेतानेच घ्यावा. पण शेंगदाणा गरिबाचा म्हणून निरुपयोगी, असं म्हणायला जागा नाही.

शेंगदाण्यात ओमेगा-३ जवळजवळ नसते. ती उणीव जवसाने भरून निघते. जवसात ते अक्रोडाच्या दुपटीहून अधिक असते. बेळगाव, निपाणी, चिकोडी भागात भाकरीसोबत शेंगांची, जवसाची आणि कारळ्याची चटणी पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली जाते. जवस भाजून कुटून खाल्लं तरच उपयोग. अख्खा दाणा न पचताच बाहेर पडतो.

खानापूर, चंदगड, आजरा आणि गोवा इथे काजू घरचा. काजूत कोलेस्टेरॉल असतं ही समजूत चुकीची आहे. कोणत्याच वनस्पतिजन्य पदार्थात कोलेस्टेरॉल नसतं. काजूत पिष्ट बदाम-अक्रोडापेक्षा जास्त असल्याने मधुमेहींनी प्रमाण सांभाळावं, एवढंच.

किती आणि कसे खावे?

बहुतेक अभ्यासांत रोजचं प्रमाण ३० ग्रॅमच्या आसपास आहे. म्हणजे एक छोटी मूठ : बदाम २४-२५ किंवा अक्रोडाचे १४-१५ अर्धे तुकडे. सगळे मिळून एक मूठ, प्रत्येकाची वेगळी मूठ नव्हे. एवढ्यातून १७० ते १९५ कॅलरी मिळतात. जेवण तेवढंच ठेवून वरून दाणे वाढवले तर वजन वाढेल. म्हणून चहासोबतची खारी, बिस्किटं, शेव कमी करून त्या जागी दाणे घ्यावेत. भाजीत दाण्याचा कूट घातला तर तेल हात आखडून घालावं.

ज्यांना दात नाहीत किंवा कवळी आहे, त्यांनी अख्खे दाणे चावायचा हट्ट धरू नये. दाण्याचा कूट ही आपल्या स्वयंपाकातली तयार सोय आहे. कोशिंबीर, आमटी, उसळ, ताकातली भाकरी, कशातही तो जातो. बदाम-अक्रोडाची पूड दुधात किंवा लापशीत घालता येते.

बदाम भिजवल्याने मऊ होतो आणि चावायला सोपा जातो, हा फायदा खरा. भिजवल्याने तो मेंदूला जास्त लागू पडतो, असं दाखवणारा पुरावा नाही. साल काढलीच पाहिजे असंही नाही, सालीत तंतू आणि उपयुक्त घटक असतात. कडू लागलेला बदाम मात्र थुंकून टाकावा, त्यात विषारी द्रव्य असू शकतं.

चिक्की, काजूकतली, डिंकाचा लाडू यांत दाण्यांबरोबर साखर-गूळ-तूपही येतं. खारवलेले काजू-पिस्ते रक्तदाब असलेल्यांनी टाळावेत. साधे, भाजलेले, बिनमिठाचे दाणे सगळ्यात बरे.

खरेदी करताना वास घ्यावा. खवट झालेले दाणे स्वस्त मिळाले तरी घेऊ नयेत. काळपट, सुरकुतलेले, बुरशी आलेले शेंगदाणे तर निवडून फेकूनच द्यावेत. त्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन तयार होतं, ते यकृताला घातक असतं आणि भाजल्याने पूर्ण जात नाही. सीमाभागातल्या पावसाळ्यात दाणे ओल धरतात, तेव्हा महिन्याचाच साठा, हवाबंद डब्यात ठेवावा.

कुणी जपून खावे?

मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय दाणे वाढवू नयेत, कारण त्यांत पोटॅशियम आणि फॉस्फरस बरंच असतं. दाण्यांची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी ते पूर्ण टाळावेत. पक्षाघातानंतर गिळायला त्रास होणाऱ्या किंवा जेवताना ठसका लागणाऱ्या रुग्णाला अख्खा दाणा कधीच देऊ नये, तो श्वासनलिकेत अडकू शकतो.

बदाम जे करू शकत नाही

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. विसरभोळेपणाची काही कारणं अशी असतात, की ती साध्या तपासणीत सापडतात.

पहिलं, बी-१२ ची कमतरता. हे जीवनसत्त्व दूध, दही, अंडी, मासे, मटण यांत मिळतं. बदाम-अक्रोडात ते अजिबात नसतं. शाकाहारी ज्येष्ठांत आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ते कमी असण्याची शक्यता जास्त. हातापायाला मुंग्या, तोल जाणं, विसरणं अशी लक्षणं दिसतात. कमतरता फार काळ राहिली तर नुकसान पूर्ण भरून येत नाही.

दुसरं, थायरॉइड मंदावणं. तिसरं, नैराश्य. जोडीदार गेल्यावर किंवा मुलं लांब गेल्यावर माणूस गप्प होतो, लक्ष लागत नाही, आणि घरच्यांना वाटतं विसरायला लागलाय. चौथं, ऐकू कमी येणं. जे नीट ऐकूच आलं नाही ते लक्षात कसं राहणार? पाचवं, झोपेच्या किंवा इतर गोळ्यांचा परिणाम.

‘लॅन्सेट’ आयोगाच्या २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाची १४ टाळता येण्याजोगी कारणं दिली आहेत : कमी शिक्षण, बहिरेपणा, नजर कमी होणं, उच्च रक्तदाब, मधुमेह, वाढलेलं कोलेस्टेरॉल, लठ्ठपणा, धूम्रपान, अति मद्यपान, व्यायामाचा अभाव, नैराश्य, एकटेपणा, डोक्याला मार आणि हवेचं प्रदूषण. ही सगळी हाताळली तर जगभरातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येतील, असा त्यांचा अंदाज आहे. या यादीत बदाम न खाणं हे कारण नाही.

फिनलंडमध्ये ६० ते ७७ वयाच्या १,२६० लोकांवर दोन वर्षे प्रयोग झाला (२०१५). आहार, व्यायाम, बुद्धीला चालना देणारे सराव आणि रक्तदाब-कोलेस्टेरॉलवर लक्ष, हे सगळं एकत्र केलं. त्या गटाची विचारशक्ती चांगली टिकली. म्हणजे मूठभर दाणे घेऊन रोज चालायला जाणारा, बीपीची गोळी न चुकवणारा आणि कट्ट्यावर चार माणसांत बसणारा माणूस, नुसतेच बदाम खाणाऱ्यापेक्षा जास्त फायद्यात राहतो.

डॉक्टरांकडे कधी आणि कुठे जावे?

नाव आठवायला वेळ लागणं, वस्तू ठेवून विसरणं हे वयानुसार होतं. पण तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, रोजच्या वाटेवर चुकणं, पैशाचा हिशेब न जमणं, नेहमीचा स्वयंपाक करताना गोंधळणं, स्वभाव एकदम बदलणं ही लक्षणं दिसली तर तपासणी करून घ्यावी. ‘म्हातारपण आहे, चालायचंच’ म्हणून सोडू नये.

गोंधळ एक-दोन दिवसांतच अचानक सुरू झाला, तर तो स्मृतिभ्रंश नसून जंतुसंसर्ग, रक्तातलं सोडियम कमी होणं, पडल्यानंतर डोक्यात झालेला रक्तस्राव किंवा पक्षाघात असू शकतो. अशा वेळी त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.

राष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक आरोग्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयांत ज्येष्ठांसाठी वेगळ्या बाह्यरुग्ण विभागाची तरतूद आहे. कर्नाटकात बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेच्या सहकार्याने २०२२ मध्ये मेंदू आरोग्याचा राज्य उपक्रम सुरू झाला. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही मोफत हेल्पलाइन जवळच्या सेवांची माहिती देते.

जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, जुने रिपोर्ट आणि रोज सोबत राहणारी व्यक्ती बरोबर असावी. सून, मुलगी किंवा नवरा-बायको यांनी पाहिलेले बारीकसारीक बदल डॉक्टरांना खूप उपयोगी पडतात.

तपासणी कोणत्या भाषेत?

सीमाभागात हा प्रश्न हमखास येतो. स्मरणशक्तीच्या चाचणीत तारीख-वार विचारतात, शब्द लक्षात ठेवायला सांगतात, वाक्य म्हणायला लावतात, वजाबाकी करायला देतात. मराठी शाळेत चौथी शिकलेल्या आजीला हे कन्नड किंवा इंग्रजीतून विचारलं, तर न आलेलं उत्तर विसरण्यामुळे की भाषेमुळे, हे कळत नाही. गुण कमी पडतात आणि नसलेला आजार चिकटू शकतो. सोलापूर-जत भागातल्या कन्नड बोलणाऱ्या आजोबांची मराठीतून चाचणी घेतली, तरी हेच होतं.

संशोधकांनाही हे ठाऊक आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने स्मृतीच्या चाचण्यांचा संच सुरुवातीला हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भाषांत मुद्दाम तयार केला, तो याच कारणाने. म्हणून घरच्यांनी सुरुवातीलाच डॉक्टरांना सांगावं : घरात बोलायची भाषा कोणती, शिक्षण किती, लिहिता-वाचता येतं का. प्रश्न मराठीतून विचारता येतील का, हे विचारायला संकोच करू नये. दुभाषी म्हणून गेलेल्या नातेवाइकाने फक्त प्रश्न सांगावा. उत्तर पुटपुटून मदत केली तर चाचणीला अर्थ राहत नाही.

थोडक्यात

रोज एक छोटी मूठ बिनमिठाचे दाणे. बदाम-अक्रोड परवडले तर उत्तम, नाहीतर शेंगदाणे आणि जवसाची चटणी. दात नसतील तर कूट. ही मूठ फरसाणाच्या जागी, जेवणाच्या वर नव्हे. वर्षातून एकदा रक्तदाब, साखर, बी-१२, थायरॉइड, कान आणि डोळे यांच्या तपासणीविषयी डॉक्टरांशी बोलावे. आणि विसरणं वाढतंय असं वाटलं, तर बदामाचा डबा भरण्याआधी डॉक्टरांची वेळ घ्यावी.

(ही माहिती सर्वसाधारण आहे. चालू औषधे किंवा पथ्य बदलण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.)